परदेशात गेल्यावर स्त्रियांच्या बायबल अभ्यासगटात कसं सामील व्हावं

रविवारची उपासना परदेशात बहुतेकींना लवकर सापडते. पत्ता मिळतो, वेळ फलकावर लिहिलेली असते, आत जाऊन बसलं तर कोणी काही विचारत नाही. अडचण पुढे सुरू होते. महिना-दोन महिने जातात, दारात हसून हात मिळवणाऱ्या चार-दोन बायकांपलीकडे कोणाची ओळख होत नाही, आणि घरी येऊन बायबल उघडलं तरी वाचलेल्यावर बोलायला कोणी नसतं. स्त्रियांचा अभ्यासगट हवा असतो तो ह्यासाठी. सात-आठ किंवा दहा-बारा जणी, आठवड्यातला ठरलेला दिवस आणि ठरलेला उतारा.

गट निवडताना मी दोन गोष्टींना सगळ्यात जास्त मान देते. तिथे पवित्र शास्त्र खरोखर उघडून वाचलं जातं का, आणि एखादी आली नाही तर तिची कोणाला आठवण होते का. मंडळीची, म्हणजे चर्चची, इमारत, शिकवणाऱ्या बाईंचं वक्तृत्व, गाण्यांचा दर्जा हे सगळं त्यानंतर. पुढचं सगळं ह्या दोन कसोट्या धरून लिहिलं आहे.

निघण्याआधी

आपल्या पाळकांकडून, म्हणजे मंडळीच्या पास्टरांकडून, एक छोटं परिचयपत्र घ्या. तुमचं नाव, मंडळीत किती वर्षं आहात, बाप्तिस्मा झालेला आहे का, कोणत्या सेवेत होतात, एवढं पुरे. ही रीत फार जुनी आहे. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायाची सुरुवातच अशा शिफारशीने होते. किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी हिचा प्रभूमध्ये स्वीकार करा आणि तिला लागेल ती मदत करा, असं प्रेषित पौल लिहितो. नव्या ठिकाणी कोणीही हे पत्र मागणार नाही कदाचित, पण तिथल्या पाळकांना ते दिलंत तर ते तुम्हाला नेमक्या बाईंशी गाठ घालून देतात. पाळकांचा फोन नंबर किंवा ईमेल पत्रात असू द्या.

बायबलचं अ‍ॅप फोनवर घ्या आणि मराठी भाषांतर ऑफलाइन वाचता येईल असं उतरवून ठेवा. नव्या देशातल्या भाषेतलं एक भाषांतर आणि त्याचं ऑडिओही घ्या. छापील मराठी बायबल मात्र सामानात असावंच. फोनवर वाचताना शेजारणीला वाटतं तुम्ही निरोप पाहताय, आणि समासात पेन्सिलने लिहिलेली ओळ वर्षांनंतरही सापडते.

वर्षाचं वेळापत्रक समजून घ्या

अनेक जणी इथेच निराश होतात, म्हणून जरा सविस्तर. बहुतेक देशांत हे गट शाळेच्या वर्षाप्रमाणे चालतात. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपात वर्ष सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतं, नाताळच्या आसपास सुट्टी असते, जानेवारीत पुन्हा सभा भरू लागतात आणि मे-जूनमध्ये वर्ष संपतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये शाळा जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत सुरू होते, म्हणून गटही तेव्हा. शाळेच्या छोट्या सुट्ट्यांतसुद्धा बरेच गट बंद असतात.

तुम्ही जुलैत लंडनला उतरलात आणि कुठेच काही चालू दिसलं नाही, तर गट नाहीत असं समजू नका. ऑगस्टच्या शेवटी पुन्हा चौकशी करा. नवीन पुस्तकाचा अभ्यास सुरू होतो त्या पहिल्या आठवड्यात सामील होणं सर्वांत सोपं, कारण तेव्हा जुन्या सदस्यांनाही नवीन चेहरे अपेक्षित असतात. मध्येच जायचं झालं तरी संकोच नको, फक्त आतापर्यंत काय वाचून झालं ते आधी विचारून घ्या आणि तेवढे अध्याय घरी वाचा.

आखाती देशांत आठवडाच वेगळा आहे. कतार आणि कुवेतमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, म्हणून मुख्य उपासना शुक्रवारी होते. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आहे, तरी अनेक मंडळ्यांच्या सभा शुक्रवारीही भरतात.

गट कोणत्या नावाने सापडतात

मंडळीच्या संकेतस्थळावर ‘बायबल अभ्यास’ असा शब्द न सापडण्याची शक्यता बरीच आहे. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत त्याला स्मॉल ग्रुप, होम ग्रुप, लाइफ ग्रुप, कनेक्ट ग्रुप म्हणतात, सिंगापूर-मलेशियात सेल ग्रुप, जर्मन भाषिक भागात हाउसक्राइस किंवा बीबेलक्राइस. विमेन्स मिनिस्ट्री असं सदर दिसलं तर ते आधी उघडा. सर्वांत खात्रीचा मार्ग मात्र उपासना संपल्यावरचा. तिथे रेंगाळा आणि तुमच्याच वयाच्या किंवा थोड्या मोठ्या बाईला सरळ विचारा, “आठवड्याच्या मधे बायका वचन वाचायला कुठे जमतात?” सूचनाफलकावर जे नसतं ते ह्या प्रश्नाने कळतं.

गटांचे प्रकार ढोबळमानाने असे पडतात. पहिला, तुमच्या मंडळीचाच. घराजवळ असेल तर हाच आधी पाहा, कारण रविवारी दिसणारे चेहरे बुधवारीही दिसले की ओळख लवकर मुरते.

दुसरा, अनेक मंडळ्यांतल्या स्त्रियांना एकत्र आणणारे मोठे वर्ग. बायबल स्टडी फेलोशिप ही त्यातली सर्वांत पसरलेली संस्था. चीनमध्ये मिशनरी म्हणून काम केलेल्या ऑड्री वेदरेल जॉन्सन ह्यांच्याकडे १९५२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाच स्त्रिया बायबल शिकवा म्हणून आल्या. त्यांनी तयार उत्तरं देण्याऐवजी स्त्रियांना प्रश्न दिले आणि स्वतः वाचून उत्तरं शोधून आणायला सांगितलं. त्यातून १९५९ मध्ये संस्था उभी राहिली. आजही तिची पद्धत चार पायऱ्यांची आहे: रोज घरी प्रश्न सोडवायचे, मग गटात चर्चा, मग व्याख्यान, मग वाचायला टिपणं. प्रवेश मोफत असतो आणि ऑनलाइन गटही आहेत. गृहपाठ नियमित करणाऱ्यांना हे फार भावतं. दिवसाला वीस मिनिटंही हाताशी नसतील अशा काळात मात्र ओझं वाटू शकतं. कम्युनिटी बायबल स्टडी ही १९७५ मध्ये वॉशिंग्टन परिसरात सुरू झालेली संस्थाही साधारण ह्याच धर्तीवर चालते.

तिसरा, आयांचे गट. अँग्लिकन मंडळ्यांत मदर्स युनियन आहे, मेरी समनर ह्यांनी १८७६ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेली आणि आज ऐंशीहून अधिक देशांत काम करणारी. आयांच्या अनेक गटांत वचनापेक्षा एकमेकींना आधार देण्यावर भर असतो. तान्हं मूल घेऊन नव्या देशात आलेल्या बाईला आधी तेच हवं असेल तर त्यात कमीपणा काही नाही. पण अभ्यास शोधत असाल तर आधी विचारून घ्या.

चौथा, आपल्या भाषेतला किंवा आपल्या देशातून आलेल्यांचा. ह्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मातृभाषेतला गट मिळाला तर जरूर जा, प्रार्थना मनापासून बाहेर पडते ती तिथे. पण तो एकटाच ठेवू नका. स्थानिक स्त्रियांच्या गटातही जागा शोधा, मग महिन्यातून एकदा का होईना. नाहीतर दहा वर्षं राहूनही त्या गावची मंडळी तुम्हाला परकीच राहते.

गट शोधताना मार्चचा पहिला शुक्रवारही लक्षात ठेवा. त्या दिवशी जागतिक प्रार्थना दिन असतो. दरवर्षी एका देशातल्या स्त्रिया उपासनेचा क्रम लिहितात आणि जगभरच्या स्त्रिया तोच क्रम वापरून प्रार्थना करतात. गावातल्या वेगवेगळ्या मंडळ्यांच्या बायका त्या दिवशी एका छताखाली येतात, त्यामुळे कोण कुठे भेटतं हे एका संध्याकाळीत कळतं.

पहिला निरोप

नाव-नंबर मिळाला की लांबलचक ओळख नको. त्यांच्या भाषेत लिहायचा निरोप साधारण असा:

“नमस्कार, मी गेल्या महिन्यात इथे राहायला आले. मी ख्रिस्ती आहे आणि स्त्रियांचा बायबल अभ्यासगट शोधते आहे. तुमचा गट कोणत्या दिवशी आणि कुठे भरतो? सध्या कोणतं पुस्तक वाचता आहात आणि कोणतं भाषांतर वापरता? नाव नोंदवण्याआधी एकदा येऊन बसलं तर चालेल का?”

शेवटचं वाक्य वगळू नका. एकदा पाहून जाण्याची मोकळीक मागितली की दोन्ही बाजूंना हलकं वाटतं. उत्तर आलं की बाकीचं विचारा: सभा किती वेळ चालते, घरी अभ्यास करून यायचं असतं का, लहान मुलांची सोय आहे का, कोणी माझ्या भागातून येतं का. हा शेवटचा प्रश्न वाहनाच्या अडचणीपुरता वाटतो, पण जाता-येता गाडीत जी ओळख होते ती सभेत होत नाही.

चार दिवसांत उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहा. असे गट बहुधा घर-नोकरी सांभाळणाऱ्या स्वयंसेविका चालवतात आणि निरोप मागे राहून जातात.

कोणाबरोबर बसतो आहोत हे जाणून घ्या

नव्या शहरात एकटी बाई मैत्रीला आसुसलेली असते, आणि हे ओळखून जवळ येणारे लोकही असतात. दुकानात, विद्यापीठाच्या आवारात कोणी फार प्रेमाने बोललं आणि लगेच बायबल शिकायला बोलावलं, तर आधी साधा प्रश्न विचारा: “तुमच्या मंडळीचं नाव काय?” प्रामाणिक गट नाव सांगतो, पत्ता सांगतो, आपण काय मानतो ते लिहून दाखवतो. नाव टाळलं जात असेल, “घरी इतक्यात सांगू नका” असं सुचवलं जात असेल, आमच्याबद्दल बाहेर काही वाचू नका म्हटलं जात असेल, आठवड्यातून एकाचे तीन-चार दिवस होऊ लागले असतील, किंवा गट सोडला तर तारण जाईल अशी भीती घातली जात असेल, तर उठा आणि निघा. तिथे सभ्यपणाने कारण देत बसण्याची गरज नाही.

काही पंथ उघडपणे आपलं नाव सांगूनच येतात. यहोवाचे साक्षीदार घरी येऊन मोफत बायबल शिकवतात. ते त्र्यैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मानत नाहीत आणि त्यांचं स्वतःचं भाषांतर आहे. मॉर्मन मिशनरी बायबलसोबत मॉर्मनचं पुस्तक पवित्र मानतात. ते काही लपवत नाहीत, पण हो म्हणण्याआधी हा फरक तुम्हाला माहीत असायला हवा.

प्रेषितांच्या कृत्यांत बिरुयाचे लोक थोर मनाचे म्हटले आहेत (१७:११). पौल सांगतो ते तसंच आहे का, हे ते दररोज शास्त्र तपासून पाहत होते. पौलाला तपासलेलं चाललं, तर तुमच्या गटाच्या बाईंनाही चालायला हवं.

देशाचा कायदाही पाहा. सौदी अरेबियात ख्रिस्ती मंदिरं नाहीत आणि उघड उपासनेला परवानगी नाही. इतर आखाती देशांत उपासना ठरवून दिलेल्या जागी होते, आणि घरी जमण्याबद्दलचे नियम जागोजागी वेगळे आहेत. चीनमध्ये परदेशी लोकांच्या मंडळ्यांत दारात परदेशी पासपोर्ट दाखवावा लागतो. अशा ठिकाणी अधिकृत मंडळीच्या पाळकांना विचारूनच पुढे जा, आणि सभेचा पत्ता किंवा फोटो कुठेही टाकू नका.

पहिल्या सभेची तयारी

ठरलेला उतारा आधी मराठीत दोनदा वाचा, मग त्यांच्या भाषेत एकदा. अर्थ आधी मनात बसलेला असला की परकी भाषा ऐकताना तारांबळ होत नाही.

पुस्तकांची नावं लिहून घ्या. इंग्रजी गटात ‘जेम्स’ म्हटलं की आपण याकोबाचं पत्र उघडायचं, ‘जजेस’ म्हणजे शास्ते, ‘ॲक्ट्स’ म्हणजे प्रेषितांची कृत्ये. सगळी नावं एका कागदावर क्रमाने लिहून बायबलमध्ये ठेवली की पानं शोधताना मागे पडत नाही.

क्रमांकांतही फरक असतो. रशियन बायबलमध्ये आणि जुन्या कॅथलिक भाषांतरांत आपलं तेविसावं स्तोत्र बाविसावं असतं, कारण त्या परंपरेत नववं आणि दहावं स्तोत्र एकच धरलं जातं. जर्मन बायबलमध्ये स्तोत्राच्या शीर्षकालाही वचनाचा क्रमांक मिळतो, त्यामुळे एक्कावन्नाव्या स्तोत्राचं आपलं पहिलं वचन तिथे तिसरं. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. तोबीत किंवा मक्काबी हे नाव ऐकून गोंधळू नका, शांतपणे विचारा.

सभा साधारण दीड ते दोन तासांची असते. आल्यावर थोड्या गप्पा, सुरुवातीची प्रार्थना, उतारा आळीपाळीने मोठ्याने वाचणं, चर्चा, शेवटी प्रार्थनेच्या विनंत्या आणि प्रार्थना. मोठ्याने वाचायची तयारी नसेल तर “आज मी ऐकते” म्हणून पुढचीकडे बघा, कोणी वाईट वाटून घेत नाही. शेवटच्या प्रार्थनेत एकेक जण मनाला येईल तसं बोलते. तुमची पाळी आली असं वाटलं तर मराठीत प्रार्थना करा. आमेन सगळ्यांना कळतं. मराठीत केलेली प्रार्थना ऐकून शेजारणीने माझा हात धरलेला मला आठवतो, आणि त्यानंतर भाषेची लाज मी कायमची सोडली.

उतारा कसा वाचायचा

अनेक गट एकाच पद्धतीने वाचतात, नावं काहीही असोत. आधी काय लिहिलं आहे ते नीट पाहायचं. मग त्याचा अर्थ काय ते विचारायचं. मग ते आपल्याला कुठे लागू पडतं ते बोलायचं. ह्या क्रमाची सवय असली तर कोणत्याही देशातल्या गटात तुम्ही पाहुण्यासारख्या राहत नाही, म्हणून एक उतारा घेऊन हे करून पाहू. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६, वचनं १३ ते १५.

पाहणं. शब्बाथाचा, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याचा, दिवस आहे. पौल आणि त्याचे सोबती फिलिप्पैच्या वेशीबाहेर नदीकाठी जातात, तिथे प्रार्थनेची जागा असेल असं त्यांना वाटतं. तिथे जमलेल्या असतात त्या स्त्रिया. ते बसून त्यांच्याशी बोलतात. लुदिया नावाची एक स्त्री ऐकत असते. ती थुवतीरा नगराची, जांभळी वस्त्रं विकणारी, देवाची भक्ती करणारी. प्रभू तिचं अंतःकरण उघडतो. तिचा आणि तिच्या घराण्याचा बाप्तिस्मा होतो. मग ती आग्रह करून त्यांना आपल्या घरी नेते. इथपर्यंत आपण आपलं काही मिसळलेलं नाही. नवख्या बाईने गटात बोलायची सुरुवात इथूनच करावी. “सभा नदीकाठी होती, वेशीबाहेर” एवढं म्हटलं तरी तो खरा सहभाग आहे, कारण शब्दांकडे नीट पाहणारी एक जण गटात लागतेच.

अर्थ. वेशीबाहेर का? त्या नगरात सभास्थानाचा, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनामंदिराचा, उल्लेख नाही, आणि जे जमले आहेत त्या स्त्रियाच आहेत. थुवतीरा आशियात, आजच्या तुर्कस्तानात. फिलिप्पै समुद्रापलीकडे मासेदोनियात. म्हणजे लुदिया स्वतः परगावची होती. कामाधंद्याने दूर येऊन राहिलेली बाई, आणि तिथेही शब्बाथाला इतर स्त्रियांबरोबर प्रार्थनेला जाणारी. युरोपात पौलाचं बोलणं ऐकून विश्वास ठेवणाऱ्यांत नावानिशी पहिली येते ती ही परगावची स्त्री. पुढे चाळिसाव्या वचनात पौल आणि त्याचा सोबती सीला तुरुंगातून सुटतात आणि सरळ तिच्याच घरी जातात, तिथे बंधुजन जमलेले असतात. जी नदीकाठी ऐकत बसली होती तिच्या घरात आता मंडळी भरते आहे.

आचरण. इथे प्रत्येकीने स्वतःबद्दल बोलायचं, “आपण सर्वांनी” असं नाही. कोणी म्हणेल, मी आठवड्यातून एक वेळ ठरवून घेईन. कोणी म्हणेल, माझं घर लहान म्हणून मी कोणाला बोलावत नाही, ते बदलायचं आहे. परदेशात आलेल्या बाईला ह्या तीन वचनांत जे दिसतं ते त्याच गावात जन्मलेल्या बाईला दिसेलच असं नाही. तुमचं स्थलांतर गटाच्या वाचनात भर घालतं. ते बोलून दाखवा.

एक गोष्ट जपा. गटातल्या प्रत्येकीने स्वतः वाचण्याआधी भाष्यग्रंथ किंवा कोणाचा व्हिडिओ उघडू नये, अशी शिस्त काही वर्ग पाळतात. मला ती पटते. तयार उत्तर हातात असलं की डोळे उताऱ्यावरून घसरतात.

भाषा अडली तर

पुढच्या आठवड्याचे प्रश्न आधी पाठवाल का, असं गटाच्या पुढारीला विचारा. बहुतेक जणी आनंदाने पाठवतात. त्यांतल्या एकाच प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत लिहून न्या आणि चर्चेच्या सुरुवातीलाच वाचा. शेवटपर्यंत थांबलं की विषय पुढे गेलेला असतो आणि मनातलं मनात राहतं. ऐकण्यासाठी तोच अध्याय आठवडाभर ऑडिओवर लावून ठेवा, म्हणजे सभेत कानावर पडणारे शब्द ओळखीचे होतात. समजलं नाही तर “तो शब्द पुन्हा सांगाल का” म्हणा. हसून मान हलवत राहण्याची सवय लागली की महिनोन्महिने तीच चालू राहते, आणि मग विचारायला जास्तच अवघड जातं.

मुलं, घर, वेळ

सकाळच्या गटांत बऱ्याचदा शेजारच्या खोलीत मुलांची व्यवस्था असते. तिथे बसणाऱ्यांची पोलीस पडताळणी झालेली आहे का ते विचारा. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी तशी ठरलेली तपासणी आहे आणि जबाबदार मंडळी ती करून घेते. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे किंवा शनिवारचे गट असतात. घरातल्यांशी आधीच बोलून तो दिवस राखून ठेवा, दर आठवड्याला नव्याने परवानगी मागावी लागू नये.

प्रार्थनेच्या विनंत्या

गटात सर्वांत जवळीक होते ती इथे, आणि दुखापतही इथेच होऊ शकते. सुरुवातीचे काही आठवडे लहान गोष्टी सांगा: घर शोधणं, मुलाची नवी शाळा, आईची तब्येत. ज्यांच्यासमोर बोलताय त्या बोललेलं कसं सांभाळतात ते पाहा. “चहाडखोर गुप्त गोष्टी उघड करतो” हे नीतिसूत्रांतलं सांगणं (११:१३) प्रत्येक गटाने पहिल्याच दिवशी वाचावं असं मला वाटतं. विनंत्या व्हॉट्सअ‍ॅपवर जातात का आणि त्या गटात किती जण आहेत, हे विचारून घ्या. व्हिसाची, नोकरीची, नवरा-बायकोतली गोष्ट लिहून पाठवण्याऐवजी एका विश्वासाच्या बाईला प्रत्यक्ष सांगावी.

आणि हे मी मनापासून सांगते. घरात मारहाण होत असेल, पासपोर्ट काढून घेतला असेल, पैसे हातात येऊ दिले जात नसतील, तर प्रार्थनेबरोबर त्या देशातली मदत लगेच मागा. पोलीस आहेत, स्त्रियांसाठीच्या मदतवाहिन्या आहेत, आपल्या देशाचा दूतावास आहे. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईलाही कायद्याचं संरक्षण अनेक देशांत मिळतं. “सहन करा आणि प्रार्थना करा” एवढंच सांगणाऱ्या गटाकडे ही गोष्ट सोडू नका. चांगल्या गटातली बाई तुमच्यासाठी प्रार्थना करेल आणि तुमच्याबरोबर चालत पोलीस ठाण्यातही येईल.

टिकायचं की बदलायचं

पहिल्या सभेवरून काहीही ठरवू नका. एक पूर्ण सत्र, म्हणजे दहा-बारा आठवडे, द्या. पहिले तीन-चार आठवडे परकं वाटणारच. त्यांच्या विनोदांना आणि जुन्या आठवणींना तुमच्याकडे धागा नसतो. सत्राच्या शेवटी तपासा: उतारा वाचला जातो का, की प्रत्येक वेळी गप्पांतच वेळ जातो? मी दोन आठवडे गेले नाही तेव्हा कोणी विचारलं का? दोन्हीचं उत्तर नाही असेल तर बदला. निघताना गुपचूप नाहीसं होऊ नका, पुढारीला एक ओळ लिहा, आभार माना.

मतभेद झाला म्हणून मात्र लगेच उठू नका. फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे ह्या दोघींचं पटत नव्हतं, आणि पौलाने त्यांना एकचित्त व्हा अशी विनंती करताना त्या सुवार्तेसाठी माझ्याबरोबर झटल्या असंही लिहिलं. राजकारण, मुलांचं संगोपन, भाषांतरांची आवड ह्यांवरून मतं वेगळी असणारच. येशू ख्रिस्त कोण ह्यावरच एकमत नसेल, तेव्हा गोष्ट वेगळी.

राहायचं ठरलं की लहान काम मागून घ्या. खुर्च्या मांडणं, उतारा वाचणं, पुढच्या नव्या बाईला फोन करणं. काम हातात आलं की तुमची वाट पाहिली जाते.

गटच नसेल तर

लहान गावात, विद्यापीठाच्या वस्तीत किंवा मंडळी फार दूर असलेल्या ठिकाणी असं होतं. ऑनलाइन गट घ्या, पण शेजारी एखादी विश्वासू बाई सापडते का तेही पाहत राहा. दोघी पुरेशा आहेत. रूथच्या पुस्तकाने सुरुवात करा. चार अध्याय, चार आठवडे, आणि परदेशात येऊन राहिलेल्या बाईची गोष्ट. मग फिलिप्पैकरांस पत्र, तेही चार अध्यायांचं. जमलं की मार्काचं शुभवर्तमान, आठवड्याला एक अध्याय, सोळा आठवडे. दिवस आणि वेळ ठरवून एका तासात संपवा, सभा लांबली की पुढच्या आठवड्याला कोणी येत नाही. प्रश्न तीनच ठेवा: काय लिहिलं आहे, त्याचा अर्थ काय, ह्या आठवड्यात मी काय करू. तिसरी जण आली की पाळकांना कळवा आणि तुमचा गट मंडळीच्या यादीत घालायला सांगा. त्या गावात तुमच्यानंतर येणारी बाई तिथेच शोधणार आहे.